ठिणगी कीं रस? मज्जापेशींच्या निरोपाची कथा

तारेचा निरोप कसा पोंचत असे, हें जुन्या पिढींतील पुष्कळांना आठवत असेल. नागपुराहून निघालेली तार मुंबईच्या कचेरींत पाहतां पाहतां येई. इतका प्रवास विजेचा. परंतु त्या कचेरीपासून घराच्या दारापर्यंतचें शेवटचें अंतर कांहीं वीज तोडीत नसे. तेथें शिपाई लागे, त्याच्या हातांतील कागद लागे, आणि तो कागद घेऊन वाचणारें माणूसहि लागे. भारतांतील ही सोय २०१३ सालच्या जुलैंत बंद झाली. मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप पाठवितात त्याची रीत मात्र बरीचशी अशीच आहे. पेशीच्या अंगांतून निरोप विजेच्या रूपानें धांवतो. पण एका पेशीच्या टोंकापासून दुसरीच्या अंगापर्यंतचें शेवटचें अंतर एका रासायनिक द्रव्याला पोहून जावें लागतें. आज शाळेच्या पुस्तकांतहि आढळणारी ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या गळीं उतरावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि ज्यांनीं तिला विरोध केला ते कांहीं सामान्य बुद्धीचे लोक नव्हते. त्यांच्या बाजूस भक्कम कारणें होतीं.

बोलोन्या येथील गॅल्व्हानी यांनीं मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शानें झटका देतो हें दाखविलें, तो निबंध १७९१ सालचा. पुढें १८५० सालीं जर्मनींत हेल्महोल्ट्झ यांनीं बेडकाच्याच मज्जातंतूंतून निरोप किती वेगानें जातो तें मोजलें. तो वेग सेकंदाला सुमारें तीस मीटर भरला. त्याच सुमारास युरोपभर तारायंत्राचे खांब उभे राहत होते. साहजिकच मज्जातंतु म्हणजे शरीरांतील तारा आणि मेंदू म्हणजे त्यांचें मुख्य ठाणें, ही उपमा विद्वानांच्या मनांत पक्की बसली. उपमा जितकी सोपी, तितकी ती मनांतून काढणें कठीण.

पण तार अखंड असावी लागते, आणि पहिली अडचण आली ती येथेंच. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनीं १८८८ पासून मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते; तिचे फांटे दुसरीच्या अगदीं निकट जातात, पण तिच्यांत मिसळून जात नाहींत. ज्या रंगविण्याच्या पद्धतीनें काहाल यांना हें दिसलें ती पद्धत इटलीच्या गोल्जी यांची. आणि गोल्जी यांचें मत नेमकें उलट, कीं सर्व पेशींचें मिळून एकच अखंड जाळें आहे. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळालें, तेव्हां पारितोषिकाच्या व्याख्यानांतहि गोल्जी यांनीं काहालमताचें खंडनच केलें. दोन पेशींच्या या भेटीच्या जागेला इंग्लंडचे शेरिंग्टन यांनीं १८९७ सालीं ‘सायनॅप्स’ हें नांव दिलें. मराठींत तिला पेशीसंधि म्हणावयास हरकत नाहीं. तेथील फट प्रत्यक्ष दिसावयास इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली, आणि १९५० नंतरच्या दशकांत ती दिसली तेव्हां मिलिमीटरचा सुमारें पन्नास हजारावा भाग भरली. परंतु तिचें अस्तित्व मान्य होतांच प्रश्न उभा राहिला होता: ती ओलांडतें कोण? विजेची ठिणगी पलीकडे उडते, कीं कांहीं रस पाझरतो? इंग्रज शास्त्रज्ञांनीं पुढें या वादाला थट्टेनें ‘सूप आणि ठिणग्या’ यांचें भांडण म्हटलें.

वादाचा एक धागा मात्र त्याहून जुना आहे, आणि तो बाणाच्या विषापासून निघतो. दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी शिकारीच्या बाणांना कुरारे नांवाचें विष लावीत; तें अंगांत भिनलेलें जनावर लुळें पडतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्यें क्लोद बेर्नार यांनीं तें बेडकाला दिलें, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली. मज्जातंतु जिवंत होता. स्नायूहि जिवंत होता; त्यालाच विजेचा स्पर्श केला तर तो आखडे. पण तंतूचा हुकूम स्नायूला पोंचत नव्हता. म्हणजे विषाचा अंमल बसला होता तो या दोहोंच्या मध्यें कोठें तरी.

केंब्रिजचे जॉन न्यूपोर्ट लँग्ले यांनीं १९०५ सालीं या कोड्याची उकल केली, आणि ती केवळ तर्काच्या बळावर. निकोटिन हें तंबाखूंतील द्रव्य कोंबड्याच्या स्नायूवर टाकलें कीं तो आखडतो, आणि कुरारे दिलें कीं निकोटिनचा परिणाम थांबतो. मग निकोटिन मज्जातंतूच्या टोंकावर काम करतें काय? लँग्ले यांनीं तंतु कापला, त्याचें टोंक पार झडून जाईपर्यंत वाट पाहिली, आणि पुन्हां निकोटिन टाकलें. स्नायु तरीहि आखडला. तर मग तें स्नायूच्या आखडणाऱ्या भागावरच काम करीत असेल? तेंहि नव्हे, कारण कुरारे दिलेला स्नायु विजेच्या प्रत्यक्ष स्पर्शानें व्यवस्थित आखडतो, म्हणजे तो भाग शाबूत असतो. उरलें तें एकच अनुमान: स्नायूंत एक तिसरें कांहीं आहे, जें बाहेरून आलेल्या द्रव्याला धरतें आणि त्याची वार्ता आंत कळवितें. त्याला लँग्ले यांनीं ‘ग्राही द्रव्य’ म्हटलें. तें कोणीं पाहिलेलें नव्हतें, वेगळें काढलेलें नव्हतें. त्याच काळांत जर्मनींत पॉल एर्लिख यांनीं विषें व प्रतिविषें यांच्या अभ्यासांतून ‘रिसेप्टर’ हा शब्द रूढ केला होता. पण पुष्कळांच्या लेखीं हा ग्राही म्हणजे अज्ञानाला दिलेलें एक भारदस्त नांव होतें.

लँग्ले यांच्याच प्रयोगशाळेंत टॉमस रेंटन एलियट नांवाचा तरुण काम करीत होता. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून निघणारें अ‍ॅड्रिनॅलिन हें द्रव्य शरीरांत जेथें जेथें टाकावें, तेथें तेथें तें अनुकंपी मज्जातंतूंना उद्दीपित केल्यासारखाच परिणाम करतें, ही त्याची पाहणी. १९०४ सालच्या मे महिन्यांत त्यानें एक धाडसी कल्पना मांडली: कदाचित् तंतूच्या टोंकाशीं निरोप आला कीं हेंच द्रव्य तेथें सुटत असेल. सबंध पुढील इतिहास या एका वाक्यांत आहे. पण मोठ्या माणसांनीं तिचें विशेष स्वागत केलें नाहीं, पुढच्या विस्तृत निबंधांतून ती कल्पना गळाली, आणि एलियट वैद्यकीच्या व्यवसायाकडे वळले. संशोधनाच्या इतिहासांत अशीं वाक्यें किती तरी असतील. हें एक वांचलें, कारण त्यांचे मित्र हेन्री डेल यांनीं तें ध्यानांत ठेविलें.

डेल हे मोठे सावध गृहस्थ. राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नांवाच्या बुरशीचा अभ्यास करतांना त्यांना तिच्या एका अर्कांत अ‍ॅसिटिलकोलीन हें द्रव्य सांपडलें. १९१४ सालच्या निबंधांत त्यांनीं त्याचे दोन प्रकारचे परिणाम वेगळे करून दाखविले: कांहीं ठिकाणीं तें निकोटिनसारखें वागतें, कांहीं ठिकाणीं एका विषारी छत्रींतल्या मस्करिनसारखें. एकाच द्रव्याचीं हीं दोन रूपें कां, हा प्रश्न वाचकांनीं मनांत ठेवावा. त्याचें उत्तर पुढें येणार आहे. मज्जातंतु आपला निरोप अशाच द्रव्याच्या द्वारें पोंचवीत असतील, अशी शंका डेल यांना आली होती. पण अ‍ॅसिटिलकोलीन प्राण्याच्या शरीरांत स्वभावतः असतें याला तेव्हां पुरावा नव्हता, आणि पुराव्यावांचून बोलणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

तो पुरावा ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरांत मिळाला, आणि तो मिळाल्याची हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे कीं तिला आतां आख्यायिकेचें तेज चढलें आहे. तेथील औषधिविज्ञानाचे प्राध्यापक ऑटो लोएवी यांनीं ती उतारवयांत स्वतःच लिहिली. ईस्टरच्या आदल्या रात्रीं त्यांना झोपेंत एक प्रयोग सुचला. त्यांनीं उठून कागदाच्या कपट्यावर कांहीं खरडलें आणि ते पुन्हां झोपले. सकाळीं पाहतात तों आपलेंच अक्षर आपल्याला लागेना. दुसऱ्या रात्रीं तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली. या वेळीं त्यांनीं कागदाच्या भानगडींत न पडतां सरळ प्रयोगशाळा गांठली. लोएवी यांनीं या घटनेचें साल १९२० सांगितलें आहे; निबंध १९२१ चा आहे. स्मृति आणि छापील तारखा यांचा मेळ सर्वस्वी बसत नाहीं. पण प्रयोगाबद्दल शंका नाहीं.

प्रयोग असा. बेडकाचें हृदय अंगांतून काढलें तरी क्षारयुक्त पाण्यांत तें बराच वेळ धडधडत राहतें. लोएवी यांनीं अशीं दोन हृदयें घेतलीं. एकाचे मज्जातंतु राखले, दुसऱ्याचे काढून टाकले. व्हेगस नांवाचा तंतु हृदयाची गति मंद करतो, हें पाऊणशें वर्षें ठाऊक होतें. पहिल्या हृदयाचा व्हेगस त्यांनीं कांहीं मिनिटें विजेनें उद्दीपित केला, तें मंदावलें. मग त्या हृदयांतील पाणी काढून त्यांनीं दुसऱ्या हृदयांत घातलें. ज्याला तंतूच उरला नव्हता असें तें दुसरें हृदयहि मंदावलें. गति वाढविणाऱ्या तंतूचा प्रयोग केला, तेव्हां दुसऱ्याची गति त्याचप्रमाणें वाढली. विजेची ठिणगी पाण्याबरोबर एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत नेतां येत नाहीं. पाण्यांतून गेलें तें द्रव्यच असलें पाहिजे.

लोएवी यांनीं मागाहून प्रामाणिकपणें कबूल केलें कीं, दिवसा शुद्धीवर राहून विचार केला असता तर हा प्रयोग आपण केलाच नसता. तंतूच्या टोंकाशीं सुटणारें द्रव्य जेमतेम तेथल्या तेथें पुरेल इतकेंच असणार; तें पाण्यांत उतरून दुसऱ्या हृदयाला पुरण्याइतकें उरेल, असें कोणीहि समंजस माणूस मानणार नाहीं. आणि खरोखरच इतरांना तो प्रयोग सहजासहजीं साधेना. आश्वासक निकाल आज यावा, उद्यां येऊं नये. १९२६ सालीं स्टॉकहोम येथील शरीरविज्ञान परिषदेंत लोएवी यांना तो सर्वांदेखत करून दाखवावा लागला. अठरा वेळां त्यांनीं तो केला, आणि तो साधला. त्याच वर्षीं त्यांनीं व नाव्रातिल यांनीं असें दाखविलें कीं, व्हेगसचें हें द्रव्य शरीरांतील एक एन्झाइम झपाट्यानें नष्ट करतें, आणि पश्चिम आफ्रिकेंतील एका शेंगेच्या बियांतून मिळणारें एसेरीन त्या नाशाला आळा घालतें. हीं सर्व लक्षणें अ‍ॅसिटिलकोलीनचीं होतीं. १९२९ सालीं डेल व डड्ली यांना घोड्याच्या व बैलाच्या प्लीहेंत तेंच द्रव्य स्वाभाविक स्थितींत आढळलें. साखळी जुळली.

पण हृदय म्हणजे मेंदू नव्हे, आणि हातापायांचा स्नायुहि नव्हे. तेथें पोंचण्यास अधिक सूक्ष्म माप हवें होतें, आणि तें लंडनला पोंचविलें हिटलरच्या राजवटीनें. बर्लिनमधील विल्हेल्म फेल्डबर्ग हे ज्यू असल्यामुळें १९३३ सालच्या एप्रिलमध्यें त्यांना संस्थेंतून काढून टाकण्यांत आलें. डेल यांनीं त्यांना आपल्याकडे बोलाविलें. येतांना फेल्डबर्ग यांनीं एक युक्ति आणली: जळवेच्या पाठीच्या स्नायूची पट्टी एसेरीनमध्यें भिजविली म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनच्या लेशमात्रानेंहि ती आखडते. कोणत्याहि रासायनिक तराजूला न सांपडणारें प्रमाण ही जळू सांपडवून देई. दोन-तीन वर्षांतच त्या प्रयोगशाळेंतून निबंधांचा ओघ सुरू झाला. १९३६ सालीं डेल, फेल्डबर्ग व जर्मनींतूनच आलेल्या मार्था फोग्ट यांनीं स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोंकाशींहि अ‍ॅसिटिलकोलीनच सुटतें असें सिद्ध केलें. बेर्नार यांचें कोडें ऐंशी वर्षांनीं सुटलें: कुरारे या द्रव्याची वाट अडवीत होतें. त्याच वर्षीं डेल व लोएवी यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

त्या पारितोषिकाचा पैसा लोएवी यांच्या वेगळ्याच उपयोगी पडला. १९३८ सालच्या मार्चमध्यें जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या, आणि त्याच रात्रीं पासष्टीच्या घरांतील या प्राध्यापकाला हत्यारबंद लोकांनीं झोपेंतून उठवून तुरुंगांत नेलें. त्यांच्या दोघां मुलांनाहि पकडण्यांत आलें. आपण यांतून जिवंत सुटूं, असें लोएवी यांना वाटत नव्हतें. तुरुंगांत त्यांनीं पहारेकऱ्याची मनधरणी करून एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळविली, आणि आपल्या ताज्या प्रयोगांचें फळ त्यावर लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडलें. निदान तेवढें तरी आपल्याबरोबर बुडणार नाहीं, म्हणून त्यांचें मन हलकें झालें. सुटका झाली ती स्टॉकहोमच्या बँकेंत ठेवलेली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यांतील बँकेच्या नांवें केल्यावर. घरदार सोडून ते प्रथम ब्रसेल्सला, मग ऑक्सफर्डला, आणि १९४० सालीं न्यूयॉर्कला गेले. तेथेंच १९६१ सालीं त्यांचें देहावसान झालें.

इतकें झालें तरी मेंदूचा प्रश्न सुटला नव्हता, आणि येथें विरोधी पक्षाची बाजू नीट ऐकली पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स हे शेरिंग्टन यांचे शिष्य. त्यांचा आक्षेप काळाचा होता. व्हेगसनें हृदय मंदावतें तें सावकाश. पण स्नायूंत व पृष्ठरज्जूंत एका पेशीचा निरोप दुसरीला पोंचतो तो सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत. इतक्या अवधींत द्रव्य सुटावयाचें, पसरावयाचें, काम करावयाचें आणि नाहींसेंहि व्हावयाचें, हें संभवतें कसें? एका बाजूस क्षणाचा हजारावा भाग टिपणारीं विद्युद्यंत्रें, आणि दुसऱ्या बाजूस जळवेची पट्टी! बर्नार्ड कॅट्झ हे तरुण १९३५ सालीं जर्मनींतून नुकतेच इंग्लंडांत आले होते. केंब्रिजच्या एका सभेंत डेल आणि एकल्स यांची जुंपलेली पाहून आतां हे हातघाईवर येतात कीं काय, असें त्यांना वाटलें. दोघांचा स्नेह उत्तम होता, हें त्यांना मागाहून कळलें.

एकल्स यांनाहि एक स्वप्न पडलें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १९४७ सालीं एके रात्रीं, एक पेशी दुसरीला गप्प कशी करते, याची संपूर्ण विद्युत्-उपपत्ति त्यांना झोपेंत सुचली. जाग येतांच त्यांना लोएवी यांच्या कपट्याची आठवण झाली, आणि तसें होऊं नये म्हणून ते तासभर जागे राहून तिचा कण न् कण घोळवीत बसले. ती उपपत्ति त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. ती खोटी होती. स्वप्नांच्या बळावर शास्त्र चालतें असें मानणाऱ्यांनीं दोन्ही स्वप्नें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.

ती खोटी आहे हें दाखविलें तेंहि एकल्स यांनींच. त्या दिवसांत ते न्यूझीलंडांतील डनेडिन येथें होते, आणि तेथेंच तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. आपली कल्पना गुळमुळीत न ठेवतां, ती चुकली तर स्पष्ट चुकलेली दिसेल अशी धारदार करून मांडा, हें पॉपर यांचें सांगणें एकल्स यांनीं मनावर घेतलें. १९५१ सालच्या ऑगस्टमध्यें ब्रॉक व कूंब्स या सहकाऱ्यांसह त्यांनीं मांजराच्या पृष्ठरज्जूंतील एकेका पेशींत केंसाहून कितीतरी बारीक अशी कांचेची नळी खुपसली, आणि आंतील विद्युद्दाब मोजला. स्वस्थ पेशीच्या आंत बाहेरच्यापेक्षां सुमारें सत्तर मिलिव्होल्टांनीं उणा दाब असतो. पेशीला गप्प करणारा निरोप आला असतां तो दाब कोणत्या दिशेस सरकावा, हें विद्युत्-उपपत्तीनें आधींच सांगून ठेविलें होतें. यंत्रावरील रेषा नेमकी उलट दिशेस गेली; उणा दाब आणखी उणा झाला. एकल्स यांनीं आढेवेढे घेतले नाहींत. पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं स्वतःची उपपत्ति बाद ठरविली, आणि ते रसाच्या पक्षाला मिळाले. डेल यांना दमास्कसच्या वाटेवर मतांतर झालेल्या बायबलांतील सॉलची आठवण झाली. वीस वर्षें जपलेलें मत एका रात्रींत सोडावयाचें, तेंहि स्वतःच्याच हातानें, हें धैर्य सर्वांच्या ठिकाणीं असत नाहीं. १९६३ सालीं एकल्स नोबेलचे मानकरी झाले.

मेंदूंतील पेशीचा कारभार यानंतर उलगडत गेला. द्रव्य फट ओलांडून पलीकडील ग्राहीला भिडलें कीं तेथें एक सूक्ष्म दार उघडतें. सोडियमचे भारित कण आंत शिरले तर उणा दाब कमी होतो, आणि पेशी स्वतःचा निरोप सोडण्याच्या बेतास येते. क्लोराइडचें दार उघडलें तर ती त्या बेतापासून रोखली जाते. मेंदूंत पहिलें काम मुख्यत्वें ग्लूटामेट करतें, दुसरें ‘गाबा’ या नांवानें ओळखलें जाणारें द्रव्य. त्याचा मेंदूंतील शोध १९५० चा. एकेका पेशीवर अशा हजारों संधींतून ‘बोल’ आणि ‘थांब’ असे हुकूम एकाच वेळीं येत असतात, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून ती बोलते किंवा गप्प राहते. मेंदूंत ‘थांब’ म्हणणारे हुकूम थकले, तर काय होतें हें अपस्माराचा झटका पाहणाऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां डेल यांच्या १९१४ सालच्या त्या प्रश्नाकडे. अ‍ॅसिटिलकोलीन हृदयाला मंद करतें आणि स्नायूला आखडावयास लावतें, हें कसें? निरोपाचा अर्थ द्रव्यांत नसतोच. तो ग्राहींत असतो. स्नायूवरील ग्राही हा स्वतःच दार आहे: द्रव्य भिडलें कीं तो त्याच क्षणीं उघडतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांत हजारों कण आंत जातात. हृदयावरील ग्राहीला दार नाहीं. तो आंतल्या बाजूस दुसऱ्या एका प्रथिनाला जागें करतो, आणि तें प्रथिन जाऊन पोटॅशियमचीं दारें उघडतें. म्हणून तेथें उशीर लागतो. लोएवी यांनीं पाहिला तो संथ ग्राही, एकल्स यांनीं मोजला तो जलद. दोघांचीहि निरीक्षणें बरोबर होतीं; एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला खोटें पाडतां येत नव्हतें, आणि तरी वीस वर्षें तेंच चाललें होतें. शिवाय ठिणगीवाल्यांचा पराभवहि संपूर्ण नव्हता. १९५९ सालीं फर्शपॅन व पॉटर यांनीं झिंग्याच्या जातीच्या एका गोड्या पाण्यांतील प्राण्यांत सरळ विजेनें चालणारी संधि दाखवून दिली, आणि पुढें तशा संधि सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतहि आढळल्या.

लँग्ले यांचा ग्राही हातीं लागला तो १९७० सालीं. त्यालाहि विषच कामीं आलें. तैवानमधील ली व चँग यांनीं तेथील मण्यार जातीच्या सापाच्या विषांतून एक प्रथिन वेगळें काढलें होतें. तें या ग्राहीला जें चिकटतें तें सुटतां सुटत नाहीं. पॅरिसमधील शांझ्यू यांनीं विद्युत्-मत्स्याच्या अंगांतून, जेथें हे ग्राही खच्चून भरलेले असतात, त्या विषाच्या खुणेवरून ग्राही ओळखला. लँग्ले १९२५ सालींच वारले होते. १९७६ सालीं नेहर व साकमान यांनीं एका एकट्या ग्राहीचें दार उघडतांना व मिटतांना वाहणारा प्रवाह कागदावर उतरविला.

या सर्व ज्ञानाचा रोग्याला उपयोग काय झाला, याच्या एका धाग्याचें टोंक मुंबईंत आहे. सर्पगंधेचें मूळ आपल्याकडील वैद्य पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवर त्याचा गुण नोंदविला. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृद्‌रोगाच्या मासिकांत प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष तिकडे खऱ्या अर्थानें वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत त्या मुळांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. तें पोटांत गेलें असतां माणूस शांत होतो. फार झालें तर खिन्न व जड होतो. कां? १९५५ सालीं अमेरिकेंत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेंत आढळलें कीं रेसर्पिन मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिकामा करतें.

त्या प्रयोगशाळेंत कांहीं महिने राहून स्वीडनला परतलेले आर्व्हिड कार्लसन यांनीं पाहिलें कीं, अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळांतील द्रव्यांचाहि सांठा तसाच रिता होतो. १९५७ सालीं त्यांनीं रेसर्पिन देऊन सशांना पार निश्चल केलें. कान पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. मग डोपा हें द्रव्य टोंचलें, आणि थोड्याच वेळांत ते ससे उठून फिरूं लागले. डोपापासून मेंदूंत बनतें तें डोपामिन. त्याला तोंवर कोणी स्वतंत्र महत्त्व दिलें नव्हतें. अ‍ॅड्रिनॅलिन बनण्याच्या वाटेवरची ती एक पायरी, इतकेंच. १९६० सालीं लंडनच्या एका परिषदेंत कार्लसन यांनीं आपला पक्ष मांडला, तेव्हां जमलेल्या विद्वानांना तो पटला नाहीं. डोपा हें विषच आहे, असा अभिप्राय पडला; तो देणारे होते वृद्ध हेन्री डेल. ही आठवण कार्लसन यांनीं पुढें, २००० सालीं नोबेल मिळाल्यावर, आपल्या व्याख्यानांत सांगितली.

त्याच १९६० सालीं व्हिएन्नांत एरिंगर व हॉर्निकीविच यांनीं कंपवातानें मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या एका विशिष्ट भागांत डोपामिन जवळजवळ संपलेलें होतें. द्रव्य पाठविणाऱ्या पेशी मेल्या होत्या. घेणारे ग्राही पलीकडे तसेच वाट पाहत होते. १९६१ सालीं बिर्कमायर व हॉर्निकीविच यांनीं अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या शिरेंत डोपा सोडलें. ज्यांना कुशीवर वळतां येत नव्हतें ते उठून बसले, आणि ज्यांना उभें राहतां येत नव्हतें ते चालूं लागले. कांहीं तासांनीं औषध ओसरलें, आणि ते पुन्हां पहिल्यासारखे झाले. पोटांत घ्यावयाचें डोपा अगदीं थोडक्यापासून हळूहळू वाढवीत नेऊन तो गुण टिकवितां येतो, हें १९६७ सालीं अमेरिकेंत कोत्झियास यांनीं दाखविलें. आणि कंपवाताच्या रोग्याला आजहि डॉक्टर प्रथम बहुधा तेंच औषध लिहून देतात.